सभासद-पत्राच्या आक्का

आक्कांनी कुणाचंही नाव छापताना कधी मागेपुढे पाहिलं नाही. आमच्या पक्षाचं आठ पानांचं मासिक सभासद-पत्र त्या एकहाती चालवायच्या. त्याच्या शेवटच्या पानावर ‘कळविण्यात येते की’ नावाचं एक सदर असायचं. बोलायचं एक आणि वागायचं भलतंच, असे सभासद त्यात नावागावासकट यायचे. मराठी शाळा वाचवा म्हणून व्यासपीठावरून गळा काढणाऱ्याचा नातू इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढताना आक्कांना दिसला, की पुढच्या अंकात वार, बसथांबा आणि आजोबांचं नाव. शेरा नाही, टोमणा नाही. एक साधं वाक्य. ते वाचून माणसं आठवडाभर चौकात फिरकायची नाहीत.

पक्ष आमचा सीमाभागातल्या मराठी बोलणाऱ्यांचा, लहानसा. कचेरी बेळगावात, पण पत्र निघायचं निपाणीतून, कारण आक्का निपाणीच्या. मराठी शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यापासून त्यांनी हे पत्र अंगावर घेतलं. मी मूळचा बोरगावचा. निपाणीत माझं लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवून देण्याचं छोटं दुकान. पत्राची पानं मी संगणकावर लावायचो आणि छापखान्यात पोचवायचो. पत्रव्यवहाराचा पत्ताही माझ्या दुकानाचाच होता. हे बारा वर्षं चाललं.

दर महिन्याला एक अख्खी दुपार त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसायच्या. हातात शाळेतली लाकडी फूटपट्टी. ती छापील कागदावर ओळीखाली ठेवून त्या मोठ्यानं वाचत जायच्या. चूक आली की पट्टी थांबायची, वाचणं थांबायचं. चूक काय ते सांगायच्या नाहीत. ‘बघ,’ एवढंच म्हणायच्या आणि मला सापडेपर्यंत गप्प बसायच्या. कधी कधी दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं, लग्नाच्या गडबडीत असायचं. आक्कांची पट्टी हलायची नाही. वयाच्या चाळिशीत मी परक्या माणसांसमोर ऱ्हस्व-दीर्घ शोधत घामाघूम झालोय.

चिकोडीत आमचा एक जुना सभासद होता, कापडाचं दुकान असलेला. सरकारी सूचना आली म्हणून त्यानं दुकानावरची मराठी पाटी उतरवून नुसती कन्नड लावली. आक्कांनी ते छापलं. तो निपाणीला येऊन त्यांच्या दारात रडला. म्हणाला, पोटावर पाय येत होता, काय करू. आक्कांनी त्याला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मी काय खोटं लिवलंय व्हय?’ त्यानं पक्ष सोडला. तरी त्याचा अंक त्या दर महिन्याला पाठवत राहिल्या. तो न घेताच परत पाठवायचा. पोस्टमन अंक माझ्या दुकानात आणून टाकायचा आणि पुढच्या महिन्यात आक्का पुन्हा त्याच पत्त्यावर नवा धाडायच्या. मी एकदा विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, त्यानं पक्ष सोडलाय, मी त्याला सोडलेलं न्हाय.

स्वतःलाही त्यांनी सवलत दिली नाही. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, पक्षाचे पहिल्या फळीतले कार्यकर्ते. आंदोलनात लाठ्या खाल्लेले. ते गेले त्या महिन्यात आणखी तीन सभासद गेले होते. निधनवार्ता चार ओळींचीच, हा आक्कांचा नियम. तेराव्यानंतर त्या दुकानात आल्या आणि अण्णांच्या चार ओळी त्यांनी स्वतः सांगितल्या. पान जुळवताना जागा एका ओळीनं कमी पडली. मी दुसऱ्या कुणाची तरी ओळ आखडतो म्हणालो. आक्कांनी पट्टी अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली धरली. त्या ओळीत ‘त्यांच्या मागे पत्नी आहे’ असं होतं. ‘ही काढ,’ म्हणाल्या. मी काढली.

आणि मग माझी पाळी आली. मुलीला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा बायकोनं हट्ट धरला आणि मी पोरीला इंग्रजी शाळेत घातलं. आक्कांना मी सांगितलं नव्हतं, पण निपाणी ती केवढीशी. त्या महिन्यात शेवटचं पान करायला बसलो. त्या सांगत होत्या, मी टाइप करत होतो. दोन नावं झाली आणि तिसरं माझं आलं. माझे हात थांबले. त्या म्हणाल्या, ‘लिही. तुझंबी हाय त्यात.’

मी लिहिलं. घाईत माझंच आडनाव चुकलं. वाचताना पट्टी तिथं आली आणि थांबली. ‘बघ,’ आक्का म्हणाल्या. मी स्वतःचं आडनाव दुरुस्त करेपर्यंत त्या गप्प बसून राहिल्या. मग नेहमीसारखा चहा घेतला, मुलीचा खोकला गेला का म्हणून विचारलं आणि छत्री उचलून गेल्या. मी हसून निरोप दिला. पण त्या दिवसापासून माझ्या मनात काहीतरी आंबत राहिलं.

पुढं पक्षात नवी मंडळी आली. त्यांचं म्हणणं, आता मोबाइलवर ग्रुप आहे, क्षणात निरोप पोचतो, हे महिन्यानं येणारं पत्र कशाला? आणि त्यात आपल्याच माणसांची अब्रू काढायची? बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी त्या शेवटच्या पानावर येऊन गेलं होतं, त्यामुळं हा मुद्दा सगळ्यांना पटला. पण ‘बंद करा’ असं आक्कांना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. दोन बैठका नुसत्या चर्चेत गेल्या. आक्का शांतपणे सांगायच्या की खानापूर तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांकडं तसला मोबाइल नाही, आणि मोबाइलवर आलेलं कुणी जपून ठेवत नाही. शेवटी ठरलं, तिसऱ्या बैठकीत निकाल लावायचा.

अध्यक्ष आमचे बेळगावातले एक वकील. आम्ही त्यांना वकीलसाहेबच म्हणायचो. त्यांनी मला एकट्याला बोलावून घेतलं. त्याच महिन्यात आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू. डोळ्यावर पट्टी होती, वाचायला बंदी होती. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अख्खा अंक माझ्यावर सोपवला होता. हातानं लिहिलेले कागद देताना म्हणाल्या होत्या, ‘या खेपेला तूच बघ रं.’ वकीलसाहेबांना हे ठाऊक होतं. ते म्हणाले, मधली चार पानं मागच्याच अंकाची पुन्हा छापा. पहिली दोन आणि शेवटची दोन पानं नवी असू देत. बघू या, कुणाच्या लक्षात येतंय. एकाही सभासदानं कळवलं नाही, तर वाद घालायची गरजच उरणार नाही. आणि जाता जाता म्हणाले की ग्रुप सांभाळायला प्रसिद्धीप्रमुख लागेल, तुमच्या नावाचा विचार आहे.

मला कुणी जबरदस्ती केली नाही. मी बसनं निपाणीला आलो, दुकान उघडलं आणि मागच्या अंकाची चार पानं उचलून नव्यात टाकली. अर्धा तासही लागला नाही. त्या चार पानांसाठी आक्कांनी लिहिलेले कागद नंतर रद्दीत गेले.

अंक गेला. चार-पाच आठवडे गेले. कुणाचाही फोन नाही, चिठ्ठी नाही. बैठकीच्या तीन दिवस आधी एक पोस्टकार्ड आलं. खानापूर तालुक्यातल्या गुंजीहून. परशराम नावाचे, रेल्वेत रूळ सांभाळायच्या कामावरून निवृत्त झालेले एक सभासद. अक्षर थरथरतं, पण ओळी सरळ. लिहिलं होतं की या अंकाची तीन ते सहा पानं मागच्याच अंकाची आली आहेत, छापखान्याकडून चूक झाली असावी. जुन्या शाळांच्या हकिकतीचा पुढचा भाग या अंकात येणार होता, तो वाचायचा राहिला, तेवढी पानं पाठवावीत. आणि शेवटी, बाईंची प्रकृती बरी आहे ना? त्यांच्या हातून अशी चूक होत नाही.

मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या वहीत घालून ठेवलं.

बैठक बेळगावच्या कचेरीत. चाळीसेक माणसं. आक्का हिरवा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वकीलसाहेबांनी दोन्ही अंक त्यांच्या हातात दिले आणि मधली पानं बघायला सांगितलं. आक्कांनी चष्मा वर सरकवला, अंक नाकाजवळ नेले. एक पान इकडं, एक पान तिकडं. बराच वेळ लागला. मागून कुणीतरी हसलं. मग वकीलसाहेबांनी आमचा प्रयोग सगळ्यांना समजावून सांगितला आणि मला उभं करून विचारलं. सगळ्या सभासदांना हा अंक गेला, किती जणांनी कळवलं?

‘एकानंही नाही,’ मी म्हणालो.

आक्का वळल्या. हिरव्या काचांतून त्यांचे डोळे दिसत नव्हते. ‘एकबी न्हाय?’

‘न्हाय, आक्का.’

मला वाटलं होतं, त्या चिडतील. आपल्या डोळ्यांच्या आजारपणाचा फायदा घेतला म्हणतील. त्या पुन्हा पुढं वळून बसल्या. ठराव वाचून दाखवला गेला: सभासद-पत्र सखेद बंद करण्यात येत आहे. आक्कांनी हात वर करून त्यातला ‘सखेद’ काढायला लावला. खेद कुणाला झालाय, खोटं कशाला लिहिता, असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मग ठरावाच्या बाजूनं हात वर करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी स्वतःचाही हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारीच बसल्या. निपाणी आल्यावर डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली म्हणून त्यांनी मलाच बाटली दिली. मी थेंब घातले.

मी प्रसिद्धीप्रमुख झालो. ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं आणि नेत्यांचे वाढदिवस पडू लागले. वर्ष होत आलं आणि एके दिवशी दुकानात एक वाकलेले गृहस्थ आले. गुंजीचे परशराम. गाडीनं बेळगाव, तिथून बसनं निपाणी, असा प्रवास करून ते पत्र का येत नाही, हे विचारायला आले होते. बाईंना भेटून जावं म्हणत होते. मी त्यांना सांगितलं की आक्का बहिणीकडं चिकोडीला गेल्यात. आक्का तेव्हा दोन गल्ल्या पलीकडं आपल्या घरात होत्या. परशरामांनी माझ्याकडं पाणी मागितलं, प्यायले आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी ते कार्ड घेऊन आक्कांकडं गेलो. पश्चात्ताप झाला होता हे खरं. पण म्हातारा पुन्हा येईल आणि माझं बिंग फुटेल, ही भीतीही होतीच. मी सगळं सांगितलं, कार्डापासून चिकोडीच्या थापेपर्यंत. आक्कांनी खिडकीच्या उजेडात कार्ड वाचलं.

‘एकच आलतं?’

‘व्हय.’

‘मग पत्र बंद झालं ते बरोबरच झालं,’ त्या म्हणाल्या. ‘एका माणसासाठी आठ पानं कोण छापतंय.’ कार्ड त्यांनी घडी न घालता मांडीवर ठेवलं. ‘पर एक कार्ड आलतं. तू न्हाय म्हणालास, चाळीस माणसांसमोर. आता तेवढ्याच माणसांसमोर व्हय म्हण. मला दुसरं काय नको.’

पंधरा दिवसांनी वार्षिक सभा निपाणीतच होती. मी तिथं बोलायचं कबूल केलं. आक्कांनी मला जेवायला थांबवलं, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी मान खाली घालून जेवलो आणि मला हलकं वाटलं.

सभेला आक्का वेळेआधी येऊन शेवटच्या रांगेत बसल्या. मी व्यासपीठावर होतो. अहवाल झाला, सत्कार झाले, वकीलसाहेबांनी माझं नाव घेऊन कामाचं कौतुक केलं, टाळ्या पडल्या. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आले. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? आक्का सरळ माझ्याकडं बघत होत्या. पुढच्या रांगेत माझी बायको आणि मुलगी बसली होती. माझ्या समोर पाण्याचा पेला होता, मी तो उचलला, पाणी प्यालो. अध्यक्षांनी पुन्हा एकदा विचारलं. मग आभार झाले. माणसं उठली, खुर्च्या एकमेकांत जाऊन भिंतीला लागल्या. आक्का तोवर बसून होत्या. त्यांची खुर्ची तेवढी राहिली, तेव्हा उठल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्या तीन वर्षं होत्या. मी त्यांच्या घरी पुन्हा गेलो नाही, पण एका गावात राहून माणूस चुकवता येत नाही. गुरुवारच्या बाजारात एकदा एकाच भाजीवालीपुढं आम्ही समोरासमोर आलो. मी नमस्कार केला, तब्येत विचारली. बरी आहे म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी नीट बघितलं. पिशवी पुढं केली होती ती त्यांनी मागं घेतली, मला वाट दिली आणि बँकेतल्या किंवा बसमधल्या कुणाही अनोळखी माणसाला म्हणावं तशा म्हणाल्या, ‘तुम्ही घ्या आधी.’