प्रार्थनेच्या यादीतलं नाव

लूथरन या ख्रिस्ती पंथाच्या हायस्कूलच्या कचेरीतल्या क्लार्कबाई एकोणीस वर्षं बुधवारच्या उपासनेची प्रार्थनायादी टाइप करत होत्या. कुणाची आजी आजारी, कुणाच्या वडिलांची नोकरी गेलेली. शाळेची सगळी दुखणी त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या घरचं नाव मात्र त्यांनी कधी घातलं नव्हतं. या आठवड्यात घातलं, कारण बुधवारीच धाकट्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं.

मुख्याध्यापकांनी यादीवर लाल पेन फिरवलं. "बाई, एका पानात बसवा. फुटबॉलच्या फायनलसाठी चार ओळी हव्यात."

पेन फिरलं ते नेमकं बहिणीच्या नावावर. हे कोण, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या यादी पुन्हा टाइप करायला बसल्या.

बुधवारी पाळकांनी, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूंनी, यादी वाचली. गोलकीपरच्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत सगळं आलं. ते 'आमेन' म्हणणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून बाई उठल्या.

"माझी बहीण आत्ता ऑपरेशनच्या टेबलावर आहे. तिच्यासाठीही प्रार्थना करा."

आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. पाळकांनी कागद बाजूला ठेवला आणि नाव विचारून प्रार्थना केली.

बाहेर मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, आधी सांगायचं नाही का? आपण सगळे एक कुटुंबच आहोत."

"लिहून दिलं होतं, सर. तुम्हीच खोडलंत."

दुपारी बहीण शुद्धीवर आल्याचा फोन आला. बाईंना रडू फुटलं, पण राग काही केल्या उतरेना. पुढच्या यादीसाठी आलेल्या चिठ्ठ्या त्यांनी त्या दिवशी टाइप न करता तशाच पडू दिल्या.