कोंड्यावर विकलेली पोर

तो फॉर्म मी पहिल्याच दिवशी निदान दहा वेळा मोठ्यानं वाचला असेल. आधी घरात, मग ओट्यावर, मग हापशावर बायकांसमोर, आणि ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा गोठ्यात म्हशीसमोर. जन्मापासून हृदयाचा आजार असलेल्या गरीब घरच्या मुलांना शासनातर्फे मोफत उपचार, असा त्यातला मजकूर होता. 'शासनातर्फे' म्हणताना मी असा आवाज चढवायचे, जणू शासन म्हणजे मीच. मी तेव्हा आठवीत होते, रोज चालत बदनापूरच्या शाळेत जायचे, आणि आमच्या घरात छापील अक्षर धड वाचणारी मी एकटीच होते. माझा तोरा काही विचारू नका.

फॉर्म होता माझ्या धाकट्या बहिणीसाठी. ती नऊ वर्षांची होती. दहा पावलं पळाली की तिचे ओठ जांभळे व्हायचे आणि ती मधेच उकिडवी बसून दम खायची. म्हणून खेळात आम्ही तिला पंच करायचो. पंच म्हणून ती महा लबाड होती, निकाल कायम माझ्या विरुद्ध द्यायची.

गावच्या शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, काढली, परत लावली, आणि गुरुजींकडून आमच्या बापाला शेतातून बोलावून घेतलं. फॉर्म हातात देत म्हणाले, हिच्या काळजाला भोक आहे, पण मुंबईत ते शिवतात. सरकारी योजनेत नाव लागलं तर दवाखाना, औषधं, रेल्वे सगळं फुकट. यादी मात्र महिनाअखेरीला जाणार. "पुढच्या वर्षी बघू म्हणू नका," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षाचा भरवसा मी देत नाही." हे शेवटचं वाक्य बापानं घरी सांगितलं नाही. बापाच्या मागोमाग मीही गेले होते आणि दाराआड उभी होते, म्हणून मला ठाऊक.

तरी खरं सांगते, मला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता. काळीज शिवतात ही गोष्टच मला भन्नाट वाटली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. मुंबईहून आल्यावर हिला शर्यतीत कसं हरवायचं, याचे बेतसुद्धा मी करून टाकले.

संध्याकाळी गुरुजी आमच्या ओट्यावर बसून फॉर्म भरू लागले, आणि तिसऱ्याच रकान्यात त्यांचा टाक थांबला. तिथं वडिलांचं नाव लिहायचं होतं. सोबत शाळेचा दाखला जोडायचा होता, आणि शाळेच्या रजिस्टरात हिच्या बापाच्या जागी नाव होतं आमच्या शेजाऱ्यांचं. शेजारी म्हणजे चाळीस एकरांचे धनी, दोन विहिरी, मोसंबीची बाग. त्यांची पोर गरीब आहे असं कोणता साहेब मानणार होता?

ही चूक कुणा कारकुनाची नव्हती, आमचीच होती, आणि जाणूनबुजून केलेली. माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोघंही वर्षाच्या आत गेले. त्यानंतर ही. आमच्याकडं अशा वेळी पोर विकायची रीत होती. पाचव्या दिवशी मायनं हिला सुपात घालून शेजारच्या उंबऱ्यावर ठेवलं. शेजारच्या मावशीनं मायच्या पदरात पसाभर कोंडा टाकला आणि पोर उचलून घेतली. दिवस मावळायच्या आत "सांभाळा आमची पोर" म्हणून परत आणून दिली. पोरं ओढून नेणारं जे काही असेल, त्याला वाटावं की या घरात पोर नाहीच.

गावात अशी विकलेली बरीच होती, पण आमच्या मायनं हा व्यवहार जरा जास्तच मनावर घेतला. हिला अंगावर पाजलं तिनं, रात्र रात्र उशाशी बसली ती, पण "माझी पोर" हे शब्द तोंडातून कधी काढले नाहीत. मी तिला माय म्हणायचे, ही तिला काकू म्हणायची. माय म्हणायची शेजारच्या मावशीला. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हाही मायनं मावशीलाच पाठवलं होतं.

गुरुजींनी टाक खाली ठेवला. ते बौद्ध होते, बाबासाहेबांची तसबीर घरात लावलेले, असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण मायला ते टाकून बोलले नाहीत. म्हणाले, "वहिनी, रजिस्टरातली दुरुस्ती मी लिहून देतो. पण तहसीलात साहेबासमोर तुम्हाला स्वतः सांगावं लागेल. पोर आपली हाय म्हणून."

"ह्यांला सांगू द्या," माय बापाकडं बघत म्हणाली. "मला न्हाई म्हणवत."

"दोघांनी म्हणायला पाहिजे."

"मी म्हणले अन् हिला काही झालं तर? आजपोत्तर जगली ती कशानं जगली, गुर्जी?"

मी भडकले. मुंबई हाताशी आलेली आणि ही बाई कोंड्याला धरून बसलेली. मी मायला नाही नाही ते बोलले आणि बापाची एक सणसणीत खाल्ली.

तरी बुधवारी आम्ही निघालो. माय येते म्हणाली, पण बोलेन असं काही म्हणाली नाही. बदनापूरहून पॅसेंजर गाडी, कोळशाचं इंजिन. बाप, माय, मावशी, गुरुजी, मी आणि बहीण. मावशीनं मोसंब्या आणल्या होत्या, त्या ती सगळ्या डब्याला वाटत होती. बहीण पहिल्यांदाच गाडीत बसली होती. न पळता इतकं जोरात जाता येतं याचं तिला इतकं नवल वाटलं की ती खिडकीतून मान काढून नुसती हसत होती. तोंड कोळशानं काळं झालं. मायनं ते आपल्या पदरानं पुसलं आणि कुणी पाहिलं का म्हणून लगेच इकडंतिकडं बघितलं.

जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आमचा तालुकाच होता. तहसीलातले साहेब कोरडे होते पण वाईट नव्हते. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "मुलगी कुणाची?"

बाप घसा साफ करेपर्यंत मावशीच्या तोंडून निघून गेलं, "माझी."

नऊ वर्षांची सवय, दुसरं काय. बोलली आणि तिनं तोंडावर पदर धरला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडं पाहिलं, मग बहिणीला जवळ घेतलं आणि मायकडं बोट केलं. "बाळ, ही कोण?"

"काकू," बहीण म्हणाली.

"आणि ही?"

"माय."

साहेबांनी कागदांची चळत आमच्याकडं सरकवली. "पुढचा कोण आहे?"

मला राहवलं नाही. "साहेब, ही आमचीच हाय. आम्ही हिला विकल्ती. पसाभर कोंड्याला."

"विकली?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "पोर विकली?"

मी सगळं आणखी बिघडवलं होतं. दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "साहेब, मीबी सुपात विकलेलाच हाय. आमच्याकडं असंच करत्यात." कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. गुरुजी समजावून सांगू लागले, साहेब मान हलवत होते, आणि आमच्या मागचा माणूस आपले कागद घेऊन पुढं सरकतही होता.

तेवढ्यात माय टेबलापाशी गेली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"साहेब, पोर माझी हाय," ती म्हणाली. "मी जन्म दिला हिला. हिच्या आधीचे दोन गेले. माझी म्हणलं की जात्यात, म्हणून नऊ वर्सं म्हणले न्हाई. आज म्हणून राह्यले. लिवा तुम्ही. जल्दी लिवा."

मावशी रडायला लागली, बाप खिडकीबाहेर बघू लागला. साहेबांनी टाक उचलला आणि लिहिलं. मायनं अंगठा उठवला आणि शाई न पुसताच बहिणीचं मनगट धरलं. घर येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही. मी मात्र गाडीत एका जागी बसू शकत नव्हते. ओरडावं, नाचावं, साखळी ओढावी असं वाटत होतं.

बदनापूर जवळ आलं तेव्हा बहिणीनं विचारलं, "काकू, मंग आता मी तुला काय म्हणू?"

मायनं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. "मुंबईहून येस्तवर काकूच म्हण," ती म्हणाली.

यादीत नाव लागलं. बाप तिला घेऊन मुंबईला गेला. पुढचे दोन महिने माय कुणाशी धड बोलली नाही. बापानं दवाखान्यात कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं की ते मी आधी मनात वाचायचे आणि मगच मोठ्यानं.

ती परत आली त्या दिवशी मावशी, माय आणि मी फलाटावर तासभर आधीच जाऊन बसलो होतो. गाडी थांबली. बापानं तिला उचलून खाली ठेवलं. ती वाळून काडी झाली होती, पण ओठ गुलाबी होते. तसे मी कधी पाहिले नव्हते. ती पळत आली. दहा पावलं झाली, पंधरा झाली, तरी खाली बसली नाही, आणि पळता पळताच तिनं हाक मारली, "माय."

"ओ," दोघी एकदमच म्हणाल्या. मग मावशी एक पाऊल मागं सरकली.