साहेबाची मालकीण

आमच्या दवाखान्यात माझ्या मावशीला सगळेच मावशी म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, झाडूवाला म्हणायचा, मांजर घेऊन आलेली सत्तरीतली आजीबाईसुद्धा म्हणायची. सख्खी ती फक्त माझी, आणि त्याचा तोटाही माझाच, कारण बाकीच्यांशी ती निदान तोंडदेखलं गोड बोलायची.

तिचं काम होतं धरण्याचं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर सुई टोचतात, टाके घालतात, पण तेवढा वेळ ते जनावर कुणीतरी धरून ठेवावं लागतं. कुत्र्याची मान कोपरात आणि पोट काखेत, मांजराच्या मानेची कातडी एका हातात आणि मागचे पाय दुसऱ्या हातात. वर्षानुवर्षं तिने हेच केलं. मनगटांवर ओरखड्यांची जाळी झाली होती. तिचं प्राण्यांवर फार प्रेम होतं असं कुणी समजू नये. केसांनी तिला शिंका यायच्या, आणि घरात तिने कधी चिमणीसुद्धा पाळली नाही. "दिवसभर धरतेच की, घरी तरी मला हात मोकळे हवेत," म्हणायची. तिची एकच अट असायची. ज्याचं जनावर त्याने समोर उभं राहायचं आणि जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा. मालक बाहेर गेला की मावशी हात काढून घ्यायची, आणि डॉक्टर सुई घेऊन तिष्ठत उभे.

दवाखाना एका ट्रस्टचा. साबणाचा कारखाना काढून गडगंज झालेल्या कुणी एकाने जाताना आपला पैसा मुक्या जिवांसाठी ठेवला होता. औषधं, ऑपरेशनं, आमचे पगार, सगळं त्यातून चालायचं. ज्याला झेपत नाही त्याच्या जनावराचा खर्च ट्रस्ट करायचा. खाल्ल्या मिठाला जागून सांगते, त्या पैशाने शेकडो जनावरं जगली.

मग ट्रस्टवर नव्या मॅडम आल्या आणि नवा नियम आला. मोठं ऑपरेशन फुकट हवं असेल तर मालकाने जनावरावरचा हक्क सोडायचा. ट्रस्ट त्याला बरं करणार आणि चांगल्या, ऐपतदार घरी दत्तक देणार. मॅडम म्हणायच्या, "ज्याला आज ऑपरेशन परवडत नाही त्याला उद्याचं औषध कसं परवडेल? आपण प्राण्याचा विचार करायचा." मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांच्या घरीही दोन कुत्री होती. पण तुमचं कुत्रं तुमचंच कशावरून, असं त्यांना कधी कुणी विचारलेलं नव्हतं. मी नोंदणीच्या खिडकीत बसून सह्या घ्यायचे, आणि संताप इतका यायचा की कागद पुढे सरकवताना मान वर करायचे नाही. गरिबाने जनावर वाचवायला यायचं आणि परत जाताना नुसता पट्टा घेऊन जायचं, हा कुठला धर्म? वर जुन्या मालकाचा पत्तासुद्धा ट्रस्ट ठेवायचा नाही. मागे वळून बघायलाच नको.

पहिली सही इस्त्रीवालीने केली. तिच्या मांजरीच्या पोटात पू झाला होता. सही केली आणि ती बाकावरून उठेचना. झाडूवाल्याने तिच्या पायांना वळसा घालून फरशी पुसली. मावशीने सगळं पाहिलं. मांजर बरी झाली तेव्हा मावशी माझ्या खिडकीशी आली.

"कर्मचाऱ्यांना दत्तक घेता येतं ना?"

"येतं की. पण तू? शिंकून शिंकून मरशील."

"माझं मी बघेन. नाव माझं लिही, पत्ता माझा लिही."

संध्याकाळी पिशवीत मांजर घालून ती थेट इस्त्रीच्या टपरीवर गेली. मागे मी. इस्त्रीवालीने मांजर छातीशी धरली आणि रडायला लागली, तर मावशी खेकसली, "रडतेस काय? मांजर माझी आहे. तुझ्याकडे सांभाळायला ठेवलीय. हयगय केलीस तर माझ्याशी गाठ आहे."

मग ते सुरूच झालं. रिक्षावाल्याची कुत्री, शाळेतल्या शिपायाचा ससा, दोन बहिणींचा म्हातारा बोका. कागदावर सगळं माझ्या मावशीच्या दीड खोलीत नांदत होतं. मी लिहीत गेले. डॉक्टरांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. सही करताना ते नेमके चष्मा शोधत असायचे.

शेवटचा आला साहेब. दवाखान्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या वॉचमनकाकांचा कुत्रा. दोन्ही डोळ्यांनी आंधळा, आणि पोटात नारळाएवढी गाठ. काकांची बायको गेलेली, मूलबाळ नाही. कुत्र्याचं नाव साहेब का, असं विचारलं तर म्हणायचे, "जन्मभर गेटवर दुसऱ्यांना साहेब म्हणालो. माझं ऐकणारा साहेब हा एकच." काकांनी सही केली ती मावशीकडे बघत. गल्लीत कुणकुण असणारच. ऑपरेशन झालं, आणि टाके सुकले तसा साहेब मावशीच्या नावावर आपल्या गल्लीत परत गेला.

इथवर ठीक होतं. घोटाळा ट्रस्टने स्वतःच्याच हाताने केला. वर्षाअखेरीस कुणीतरी यादी काढली आणि दिसलं की सगळ्यात जास्त प्राणी दत्तक घेणारी व्यक्ती म्हणजे आपलीच धरणारी बाई. मॅडम भारावल्या. सत्कार ठरला. सत्काराला फोटो हवेत म्हणून एका दुपारी न कळवता फोटोग्राफर घेऊन त्या मावशीच्या दारात उभ्या राहिल्या. वाट दाखवायला मला नेलं होतं.

मावशी तांदूळ निवडत होती. खोलीत एक पलंग, एक कपाट, खिडकीत तुळशीएवढंही रोप नाही. मॅडमनी पलंगाखाली वाकून पाहिलं.

"प्राणी कुठे आहेत?"

"आपापल्या घरी," मावशी म्हणाली आणि खडा बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या ऑफिसात बोलावणं आलं. लांबलचक टेबल, पलीकडे चार जण, अलीकडे मी, मावशी आणि मान खाली घातलेले डॉक्टर. मॅडम म्हणाल्या, ही फसवणूक आहे. सगळे प्राणी परत करा, पत्ते द्या. मावशी म्हणाली, "फसवणूक कसली? मी घेतले, तुम्ही दिले. माझी चीज मी कुणाकडे ठेवावी हे तुम्ही कोण सांगणार?" मग मला विचारलं. मी खिडकीत इतकी वर्षं बसूनही सगळे पत्ते विसरले होते. माझं डोकंच तसं आहे, लहानपणापासून.

पण काकांची गल्ली सगळ्यांना ठाऊक होती. मॅडमनी नियम वाचला. दत्तक घेतलेला प्राणी दत्तक घेणाऱ्याबरोबर एकाच घरात राहिला पाहिजे, नाहीतर ट्रस्ट त्याला परत नेईल. "सोमवारी आमची गाडी जाईल," त्या म्हणाल्या. "कुत्रा तुमच्याबरोबर राहत नसेल तर उचलू." मावशीला त्याच दिवशी कामावरून काढलं. डॉक्टर दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मावशी, मी बोललो असतो तर दवाखानाच बंद झाला असता." ती म्हणाली, "झाला असता. तुम्ही आत जा, पेशंट खोळंबलेत." तिने त्यांना दोष दिला नाही. मी दिला, अजून देते.

सोमवारी सकाळी मावशीने ट्रंक भरली. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, दारात आडवी उभी राहिली.

"एकट्या पुरुषाच्या घरात राहायला जाणार? या वयात? लोक काय म्हणतील?"

"कुत्र्याची मालकीण आहे म्हणतील. तसा कागद आहे."

"आणि तुझ्या शिंका?"

"नाक माझं आहे," मावशी म्हणाली. ट्रंकेची एक कडी तिने धरली, दुसरी मी.

काका दारातच होते, साहेबाला आंघोळ घालून बसलेले. गाडीतून न्यायचा म्हणून स्वच्छ केला होता. ते म्हणाले, "बाई, माझ्यापायी तुमची भाकरी गेली. न्या म्हणावं त्याला. आंधळा आहे, कुठेही पडून राहील."

"तुम्ही कोण न्या म्हणणारे?" मावशी कडाडली. "कुत्रा माझा आहे. ट्रंक कुठे ठेवू?"

गाडी आली तेव्हा काकांची खाट बाहेर व्हरांड्यात गेली होती, आतल्या पलंगावर मावशी बसली होती आणि साहेब दोघांच्या मधे, उंबऱ्यावर. मॅडम स्वतः आल्या होत्या. मावशी आधी सलग चार वेळा शिंकली.

"हे नाटक आहे," मॅडम म्हणाल्या.

"एकच घर, एकच छप्पर. मोजून घ्या."

"किती दिवस राहणार अशा?"

"कुत्रा जगेल तितके. अट तुमचीच आहे."

मॅडमना वाटलं आठवड्यात कंटाळेल. त्या मधूनमधून माणूस पाठवायच्या, कधी भर दुपारी, कधी रात्री. दर वेळी मावशी घरात, नाक लाल, हातात रुमाल. गल्लीतल्या बायका चार दिवस कुजबुजल्या, मग त्यांच्या कोंबड्या-मांजरांचं दुखलंखुपलं घेऊन तिच्याकडेच यायला लागल्या. एका खासगी डॉक्टरने तिला सकाळपुरतं धरायला ठेवलं, पगारही आधीपेक्षा बरा. "मला आधीच काढायला हवं होतं," म्हणाली. सुंभ जळाला असता तरी तिचा पीळ गेला नसता. काकांशी तिचं रोज वाजायचं, चहात साखर किती यावरून, दिवा कुणी विझवायचा यावरून. साहेबावरून मात्र कधी नाही. त्याला जेवण काकांनी भरवायचं, फिरायला काकांनी न्यायचं. ती पट्ट्याला हातसुद्धा लावायची नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात साहेब गेला. उन्हात, काकांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता, तसाच गेला. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले, आणि त्यांच्याकडून ट्रस्टला कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. या वेळी गाडी लांब उभी केली होती आणि हातात पांढरी फुलं होती. मावशी दारात ट्रंक बांधत होती. काका व्हरांड्यातल्या खाटेवर रिकामा पट्टा घेऊन बसले होते. मॅडम त्यांच्यासमोरून पुढे आल्या आणि फुलं मावशीपुढे धरली.

"वाईट वाटलं. तुमच्या साहेबाला फार चांगलं मरण आलं."

मावशीने हात पुढे केले नाहीत. "मला कशाला देता? माझं काय गेलंय? तिकडे द्या."

मॅडम वळल्या. खाटेपाशी जाऊन म्हणाल्या, "तुम्ही सांभाळलेला कुत्रा..."

"सांभाळलेला नाही," मावशी मागून म्हणाली. "नीट म्हणा. तो गेलाय आता, तुमचं काही जात नाही."

मला वाटलं, आता मॅडम पाय आपटत निघून जातील. पण त्या खाली बसल्या, काकांच्या समोर, फरशीवर, आणि फुलं त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तुमचा कुत्रा फार गुणी होता," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. "हो," म्हणाले. "माझा होता."