हर्मेरोसने वाजवलेला दगड

तिबूरच्या खाणीतला पांढरा दगड रोमच्या धक्क्यावर उतरला की त्याचं पुढचं नशीब हर्मेरोस ठरवायचा. लाकडी हातोडीने तीन ठिकाणी ठोकायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. दगड खणखणीत वाजला तर त्यावर लाल रेघ, मग तो खांबात जाई. बद्द वाजला म्हणजे आत चीर. असला दगड पाया भरायला, नाहीतर चुन्याच्या भट्टीत. बत्तीस वर्षांत आपली रेघ चुकली नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. खरं सांगायचं तर जरा जास्तच ऐकवायचा.

पुढे त्याचे कान गेले. दगडात जन्म काढलेल्यांचे जातातच, पण बाकीच्यांची भाकरी कानांवर नसते. माणसांचं बोलणं त्याला ओठांवरून कळे. दगडाला ओठ कुठले?

बायकोच्या, क्रेस्तेच्या, ते आधी लक्षात आलं. "अहो, तीन हाका मारल्या मी," ती समोर येऊन म्हणाली. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती पाव आणि कांदा घेऊन धक्क्यावर येऊन बसू लागली, हातात लोकरीची टकळी. दगड चांगला वाजला की टकळी फिरत राही, बद्द वाजला की थांबे. "म्हातारपणी बायकोवाचून करमत नाही याला," हमाल चिडवत. सहा वर्षं हे असंच निभावलं.

मग एका शरदात क्रेस्ते तापाने गेली.

सातव्या दिवशी हर्मेरोस पुन्हा कामावर उभा राहिला. सांगायला हवं होतं त्याने. पण मुक्त झालेल्या म्हाताऱ्या गुलामाला काम नसेल तर डोक्यावर छप्परही नसतं, आणि भीती माणसाला गप्प करते. तो पूर्वीसारखीच मान तिरकी करी आणि रेघ ओढी. शंका आली तरी ओढी. ठेकेदार वेत्तुलेनस खूश होता. नाकारलेला दगड म्हणजे इतक्या लांबून आणण्याचा खर्च फुकट. "उशिरा का होईना, अक्कल आली तुला," तो म्हणाला. त्या हिवाळ्याच्या दगडांवर टेकडीखालच्या चाळीचे तीन मजले चढले.

वसंतात एक दगड यारीवरून वर जाताना हवेतच दुभंगला. खाली गारा वाहणाऱ्या दोन बायका होत्या. दोघी जागच्या जागी गेल्या. दोर बांधणारा बार्गातेस, वेत्तुलेनसचा सीरियन गुलाम, दोराला लोंबकळत राहिला. त्याच्या तळहातांची साल निघाली होती.

माणसं पळताना पाहून हर्मेरोसही धक्क्यावरून धावत आला आणि तुटलेल्या बाजूकडे बघतच राहिला. ताजी फूट पांढरी असते. ही अर्ध्याहून अधिक पिवळी होती, म्हणजे चीर खाणीपासूनची. वर लाल रेघ त्याचीच.

"गाठ सुटली," मुकादम बार्गातेसला धरून म्हणत होता. "हर्मेरोसनं वाजवलेला दगड आहे तो. त्यात खोट निघायची नाही."

"गाठ अजून तशीच आहे," बार्गातेस म्हणाला. "काका, तुम्ही तरी सांगा ना."

हर्मेरोस वेत्तुलेनससमोर जाऊन उभा राहिला. "मालक, दोष माझा आहे. मला ऐकू येत नाही. बायको गेल्यापासून मी आंधळेपणाने रेघा ओढतोय. याला सोडा."

वेत्तुलेनसने त्याला बाजूला घेतलं आणि तोंड अगदी जवळ आणून, एकेक शब्द सुटा करून बोलला. "हा दगड खोटा, तर हिवाळ्याचे सगळेच खोटे. मग तीन मजले पाडायचे मी? भाडेकरू ठरलेत तिथं. गाठ खोटी म्हटली तर एकच गुलाम जातो. कळलं?"

"पण आत माणसं राहायला येणार आहेत, मालक."

"उद्या वेळेवर ये. तुझी रेघ अजून चालते."

दगडाचे दोन्ही तुकडे तेवढ्यात गाडीवर चढले होते. गाडी भट्टीकडे गेली. पिवळी बाजू दाखवायला काही उरलं नाही. आठवड्याभरात त्याचा चुना झाला आणि त्याच चाळीच्या गाऱ्यात मिसळला.

त्यानंतर हर्मेरोसने आणखी दोघांना सांगून पाहिलं. "बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," ते म्हणाले, आणि त्याला वाटी भरून आंबट दारू पाजली.

बार्गातेसला खाणीत विकलं. साखळीत बांधलेली माणसं धक्क्यावरून चालली होती, तेव्हा हर्मेरोस नव्या दगडापाशी हातोडी घेऊन उभा होता. बार्गातेस त्याच्यासमोर थांबला आणि काहीतरी बोलला. मार खाऊन त्याचे ओठ इतके सुजले होते की हर्मेरोसला एकही शब्द वाचता आला नाही.

त्याने शेजारच्या हमालाला विचारलं नाही. शिव्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या. पण बार्गातेस आजवर त्याच्याशी कधी वाईट बोलला नव्हता, आणि आताही तो काही चांगलंच बोलला असेल, तर ते हर्मेरोसला सोसलं नसतं. मुकादम बघत होता. हर्मेरोसने दगडाला तीनदा ठोकलं, मान तिरकी केली आणि रेघ ओढली.