कावासाकीतली रताळ्याची गाडी

माझे सासरे पुण्याहून कावासाकीला आले ते दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे, दुसरीत भाजणी, मेतकूट, साबुदाणा आणि दाण्याचं कूट. जपानात आपल्याला काही खायला मिळणार नाही, हे त्यांनी पुण्यातच ठरवून टाकलं होतं. मला जरा रागच आला. आम्ही इथे इतकी वर्षं राहतोय, उपाशी आहोत का?

पण पहिल्याच आठवड्यात ते खरे ठरले. स्टेशनजवळच्या एका दुकानात मी त्यांच्यासाठी भाज्या घातलेले उदोन मागवले. जाड शेवया आणि गरम सूप, त्यात मांसाचा तुकडा नाही की अंडं नाही. बाबांनी दोन घास खाल्ले, वास घेतला आणि विचारलं, "ह्या पाण्यात काय आहे?" माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. सुकवलेला मासा उकळलेलं पाणी, असं त्याने सांगून टाकलं. बाबांनी चमचा खाली ठेवला. आरडाओरडा नाही, काही नाही. "इथे पाण्यालाच मासा आहे," एवढंच म्हणाले आणि बाहेरचं खाणं साफ बंद केलं.

रविवारी आम्ही बाहेर जेवायला गेलो की ते डबा घेऊन दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचे. "तुम्ही खा निवांत," म्हणायचे. काचेतून त्यांची माकडटोपी दिसत असताना कुणाला निवांत घास उतरेल? शेवटी आम्हीही जाणं सोडलं. सातही दिवस दोन्ही वेळा पोळ्या लाटून माझं डोकं फिरायला लागलं होतं. लाटण्याचा आवाज जरा जास्तच यायचा, हे मला मान्य आहे.

तरी माणूस लाखमोलाचा. इथे कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे ठरलेलं असतं, आणि बाबांनी ते वेळापत्रक असं पाठ केलं की खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी शंका आली की त्यांनाच पिशवी उघडून दाखवायच्या. सहा वर्षांची माझी लेक त्यांच्याशी जपानीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि भांडणं मात्र अगदी व्यवस्थित व्हायची. एप्रिलमध्ये ती पहिलीत जाणार होती. शाळेच्या पहिल्या दिवशी इथे घरची माणसं नटूनथटून जातात. आमचे आजोबा कोट घालून येणार, असं तिने बालवाडीत झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि महाशिवरात्रीच्या सकाळी बाबा नवऱ्याला म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. ह्या महिन्याचंच. माझ्यामुळे तुम्ही सगळे घरात अडकून पडलाय."

"काहीतरीच काय बाबा!" नवरा म्हणाला. बाबांनी हात वर केला. त्यांनी हात वर केला की आमच्या घरात विषय संपतो.

रोज पोळ्यांवरून धुसफुसणारी मी. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. लेकीला हे सांगायचं कुणी?

दुपारी गल्लीतून लाउडस्पीकरवर एक लांबलचक सूर ऐकू आला. पुण्यात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि योगायोग म्हणजे कावासाकीतलीही येते. बाबा ताडकन उठले. "आज रविवारची कशी काय आली?" असं पुटपुटत त्यांनी प्लॅस्टिकच्या बाटल्यांची पिशवी उचलली. आलेली गाडी सोडायची नाही, हा त्यांचा नियम. अंगातल्या स्वेटरवरच ते जिना उतरले. मागून लेक धावली आणि तिच्यामागे त्यांचा कोट घेऊन मी.

कोपऱ्यावरच्या बागेपाशी एक छोटा टेम्पो उभा होता. डोक्याला टॉवेल बांधलेला एक गोलमटोल गृहस्थ आणि बाबा समोरासमोर. बाबा पिशवी पुढे करत होते आणि तो कमरेत वाकून वाकून ती नको म्हणत होता. बाबांना वाटलं, वर्गीकरणात काही चुकलंय. त्यांनी पिशवी उघडून बाटल्यांची झाकणं कशी वेगळी काढलीत ते दाखवलं. त्याने मान डोलावून दाद दिली, पण पिशवी काही घेईना.

"आजोबा, चिगाउ, चिगाउ!" ते नव्हे, ते नव्हे, असं ओरडत लेक हसून हसून फुटपाथवरच बसली. मग त्या माणसाने टेम्पोवरच्या भट्टीचं झाकण उचललं. वाफ आली, गोड खमंग वास आला. काळ्या तापलेल्या गोट्यांमध्ये जांभळ्या सालीची रताळी भाजत होती.

"अगं, रताळी!" बाबा म्हणाले. शिवरात्रीचा उपास आणि समोर भाजलेली रताळी. पण बाबा असे सहजासहजी भुलणारे नव्हेत. त्यांनी नातीला पुढे केलं. "विचार त्याला, ह्यात मासेबिसे भाजतो का?"

नातीने विचारलं. फक्त रताळी, असं उत्तर आलं.

"तेल कुठलं?"

तेल नाही, नुसते गोटे.

"चिमटा तरी दुसरीकडे वापरत नाही ना?"

ह्यावर तो गृहस्थ इतका हसला की त्याने चिमटाच बाबांच्या हातात दिला. बाबांनी स्वतः निवडून रताळी काढली. नवरा तोवर पाकीट घेऊन खाली आला होता.

इथे चालता चालता खाणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही चौघं तिथेच टेम्पोला खेटून उभे राहिलो. बाबांनी कागदातलं रताळं मोडलं. आत पिवळंधमक, मधासारखं चिकट. त्यांनी घास घेतला, जीभ भाजली, हा-हू केलं आणि पुन्हा घास घेतला. थंडीत नाकं लाल झालेली, बोटं चिकट, आणि सगळ्यांच्या हातात एकच पदार्थ. मला इतका आनंद झाला की मी सालीसकट खाऊन टाकलं. बाबांनी दुसरं घेतलं तेव्हा मला राहवलं नाही.

"काय बाबा, एकादशी आणि दुप्पट खाशी?"

"शिवरात्र आहे आज. तिथी तरी नीट सांग," ते भरल्या तोंडाने म्हणाले.

मग त्यांनी नातीला विचारायला लावलं, हा पुन्हा कधी येणार? दर रविवारी येतो, पण थंडी आहे तोवरच, एप्रिलमध्ये नाही, असं तो म्हणाला. लेकीने ते मराठीत सांगितलं आणि स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, "पण आजोबा, माझी शाळा एप्रिलमध्ये आहे."

बाबांनी हातातला घास संपवला. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तिकीट बघितलंस का रे?"

"नाही अजून."

"मग बघू नकोस." त्यांनी नातीच्या गालाला लागलेला गर आपल्या रुमालाने पुसला आणि माझ्याकडे वळले. "एप्रिलमध्ये हा नसणार. हिच्या शाळेच्या दिवशी चौघांनी बाहेर काय खायचं, ते तू आत्तापासून शोधून ठेव."