भाकरीवरची बोटं

आज तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं, तेव्हा तिच्यावर माझी बोटं उमटलेली दिसली. यंदा बायको गेली, पोरगा बिऱ्हाड घेऊन पुण्याला गेला आणि मी या वयात चुलीपुढं बसलो.

सून फोनवर म्हणते, "आबा, हट्ट पुरे आता. करपलेलं किती दिवस खाणार?"

"मीच करपवतो, मीच खातो. तुला काय त्रास?"

बायकोची भाकरी पातळ असायची, तरी मी रोज खोड काढायचो. तिचीही बोटं अशीच उमटत असणार. उभा जन्म ती भाकरी खाल्ली, पण कधी निरखली नाही. आज तिची बोटं आठवायला बसलो, तर आठवेनात. उठून भिंतीवरचा तिचा एकुलता फोटो बघितला. त्यात तिचे हात पदराखाली आहेत.