उमाबाईचं कुंकू, मनोरमाकाकूंचं कपाळ

नवरा गेल्यावर मनोरमाकाकूंनी सामान बांधलं नाही, तेव्हाच शारजाच्या मराठी मंडळातल्या बायकांचं त्यांच्याशी बिनसलं. उघड कुणी भांडलं नाही. फक्त जगन्नाथकाकांचं तेरावं उरकल्यापासून जो तो विचारू लागला, मग, तिकीट कधीचं? शारजात बाई नवऱ्याच्या व्हिसावर येते आणि नवरा गेला की परत जाते, असाच रिवाज. काकू परत जाण्याऐवजी अरबाबकडे गेल्या. अरबाब म्हणजे दुकानाच्या लायसन्सवरचा अरब भागीदार. मोडक्या हिंदीत त्याला म्हणाल्या, पोळ्या आधीही मीच लाटत होते, पुढेही मीच लाटणार, कागदावरचं नाव तेवढं बदला. तो म्हणाला, खलास, म्हणजे झालंच समजा, आणि चहा मागवला.

शारजाच्या रोल्ला भागातलं पोळी-भाजी केंद्र चालू राहिलं. ऑफिसांचे डबे, सोनापूरच्या लेबर कॅम्पच्या पोळ्या, शिवाय मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा स्वयंपाक. कपाळ मात्र काकूंनी मोकळं ठेवलं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. हळदीकुंकू असलं की त्यांची व्हॅन हॉलच्या मागच्या दाराशी लागायची. डाळ-पन्हं आत जायचं, काकू बाहेरच.

अठ्ठ्याण्णव साली पेशवाई बुडाल्याला एकशे ऐंशी वर्षं झाली, म्हणून गणपतीत त्यावर नाटक करायचं मंडळाने ठरवलं. मी पुण्याहून नाटकाचं शिक्षण संपवून नुकतीच आईवडिलांकडे परतले होते, त्यामुळे ते माझ्याच गळ्यात पडलं. मंडळाचे अध्यक्ष उपेंद्रकाका यांना लढाई हवी होती. मी लिहिलं एका घराविषयी. शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलंय. सरदार कंपनी सरकारचं पेन्शन घेऊन घरी बसलाय. आणि त्याच आठवड्यात घरात विधवा झालेल्या धाकट्या जावेच्या केशवपनासाठी न्हावी दारात आलाय. सरदाराची बायको उमाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहते. उमाबाई माझी कल्पना. वस्तरा मात्र खरा होता.

वाचन शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी काकूंच्या बंद दुकानात झालं. बायका उमाबाईची वाक्यं आरतीसारखी म्हणत होत्या. काकू ओट्यापाशी कणीक मळत ऐकत होत्या. चौथ्या बाईनंतर त्यांना राहवलं नाही.

"ज्या हातांना निशाण राखता आलं नाही," कणकेचा हात न धुताच त्या वळल्या, "त्या हातांनी या पोरीच्या डोक्याला शिवायचं नाही."

उपेंद्रकाकांनी न्हाव्याचं काम मागून घेतलं होतं, कारण त्यात वाक्यं कमी. ते हातातली पट्टी वस्तऱ्यासारखी धरून एक पाऊल मागे सरले. उमाबाई ठरली. धाकटी जाऊ झाली उपेंद्रकाकांची सतरा वर्षांची मुलगी अस्मी. घरातली आलवण नेसलेली आत्या करायला मात्र एकही सवाष्ण तयार होईना. शेवटी मी उभी राहिले; लग्न झालेलं नव्हतं, मला काय.

पुढच्या आठवड्यात काकू आणि मी दुबईला जाऊन, अब्र्यातून म्हणजे लाकडी होडीतून खाडी ओलांडून, मीना बाजारात गेलो. नऊवारी, नथ, हिरव्या बांगड्या, आणि देवळाच्या गल्लीतून कुंकवाचा करंडा. काकू तो येताना बोटीत मांडीवर धरून बसल्या होत्या. दोन वर्षांनी हातात आला, एवढंच म्हणाल्या.

तालमीला कुंकू लावून आल्या, आणि उपेंद्रकाकांच्या पत्नी विभावरीवहिनी खुर्चीतून उठून बाहेर गेल्या. त्यांच्यामागून काका गेले. परत आले ते घसा खाकरत.

"वहिनी, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण गणपतीचे दिवस, समोर सवाष्णी बसणार. काळी टिकली लावा ना. लाइटमध्ये कुणाला कळतंय?"

"उमाबाईचा नवरा जिवंत आहे, भावजी. ती काळी टिकली कशाला लावेल?"

मग विभावरीवहिनींनी तोडगा काढला. उमाबाई त्या स्वतः करतील, मनोरमाताईंनी आत्याबाई करावी. त्यांना ते आतून येईल, असंही वर म्हणाल्या.

काकूंनी नथ काढून पाण्याचा घोट घेतला आणि परत चढवली. "विधवेचं काम दोन वर्षं करतेच आहे, विभावरी. त्याला तालीम नको."

अस्मी म्हणाली, "मॉम, द होल प्ले इज अबाउट धिस." तिला गप्प बसवण्यात आलं.

गुरुवारी कमिटीचा निर्णय आला. कुंकू लावणार असाल तर नाटक रद्द, त्या जागी अंताक्षरी. मी चिडून काकूंकडे गेले. त्या मोदकांच्या उकडीला वाफ देत होत्या. मी म्हटलं, निदान मोदक तरी करू नका यांचे. त्यांना हे पटलं नाही. बाप्पाशी त्यांचं भांडण नव्हतं. माझ्या हातचे मोदक त्याला चालतात, म्हणाल्या, माझ्या कपाळाची चौकशी त्याने कधी केली नाही. कमिटीला सांग, बिनकुंकवाने करते.

मला वाटलं, हरल्या. घरी जाऊन रडले.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये चारशे माणसं. काकू मागच्या दाराने मोदक घेऊन आल्या, हात धुतले, नऊवारी नेसल्या. मेकअपच्या डब्यात करंडा नव्हता. तो खाली, रंगमंचासमोर, हळदीकुंकवाच्या टेबलावर मांडलेला होता आणि शेजारी विभावरीवहिनी बसल्या होत्या. काकूंनी आरशात मोकळं कपाळ पाहिलं. तिसरी घंटा झाली.

मी पडदा उघडायची खूण करणार, तोच काकू विंगेतून बाजूच्या पायऱ्या उतरल्या. अंगभर दागिने, नाकात नथ, पदर खांद्यावरून. नाटक प्रेक्षकांतूनच सुरू होतंय असं वाटून लोकांनी बोलणं थांबवलं. त्यामुळे पुढचं शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"विभावरी, झाकण काढ. माझा प्रवेश आहे."

वहिनींचा हात झाकणावरच राहिला. काकूंनी तो दुसऱ्याच्या बाळाचा हात बाजूला करावा तसा अलगद उचलून ठेवला. अनामिका कुंकवात बुडवली आणि आरशाशिवाय, चारशे माणसांसमोर, कपाळावर रुपयाएवढं टेकवलं. मग आल्या तशा पायऱ्या चढून वर आल्या. मला म्हणाल्या, "बिनकुंकवाने करणार होते खरी. पण ती घंटा ऐकली आणि उमाबाई ऐकेना. उघड पडदा."

नाटक रद्द करायला आता कुणाला वेळच उरला नव्हता. अध्यक्ष स्वतः धोतर नेसून, वस्तरा हातात घेऊन विंगेत उभे होते.

तालमीत "ज्या हातांना निशाण" वर न्हावी एक पाऊल मागे जायचा. त्या संध्याकाळी काकूंनी ते वाक्य आवाज न चढवता, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, आणि उपेंद्रकाका मागे सरत सरत थेट विंगेत गेले. "हुकूम आहे, बाईसाहेब" हे त्यांचं एकमेव वाक्य राहूनच गेलं. अस्मी केस मोकळे सोडून काकूंच्या पाठीशी उभी होती. ती रडत होती. ते मी बसवलेलं नव्हतं.

पडदा पडल्यावर सगळे खोबरेल चोळून रंग काढू लागले. काका काकूंपाशी आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आता पुसायला हरकत नाही."

"माझी आहे," काकू म्हणाल्या.

आणि कुंकवासकट पुढच्या बाजूला जाऊन मोदकांच्या टेबलामागे उभ्या राहिल्या. काहींनी दोन-दोन मोदक घेतले. काहींना त्या संध्याकाळी अचानक डायबेटिस झाला. विभावरीवहिनींनी सगळ्या सवाष्णींना हळदीकुंकू लावलं, काकूंना नाही. काकूही रांगेत गेल्या नाहीत. पुढे मंडळाने स्वयंपाक दुसऱ्याला दिला. काकूंनी विचारलं नाही, मंडळाने कारण सांगितलं नाही.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी हॉलवर राहिलेली काकूंची नऊवारी परत द्यायला दुकानात गेले. व्हॅनमध्ये पोळ्यांचे डबे चढत होते. काकू साध्या कॉटनच्या साडीत होत्या आणि कपाळावर कुंकू होतं, कालच्याइतकंच मोठं. ड्रायव्हर खैरुद्दीन त्यांच्याकडे पाहतच राहिला. बिचाऱ्याने अदबीने विचारलं, "मॅडम, आज कुछ खास है क्या?"

"हां," काकू म्हणाल्या. "शनिवार है. यल्ला, चलो, रोटी ठंडी हो रही है."